जुन्या वाड्याचा खर्च आणि आपला हिशेब

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

शेतातून नुकत्याच आलेल्या, चुलीपुढे बसलेल्या, बैठकीला जमून रेडिओ लावलेल्या सगळ्या ताई, मावशी आणि आज्यांना आमच्या गटाचा नमस्कार.

या वेळेला आपण नेहमी बचत, कर्जफेड, शेळीपालन, लोणचं-पापडाची विक्री यांवर बोलतो. आज आम्ही एका जुन्या वाड्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, वाड्याचं आणि बचत गटाचं काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव तालुक्याचं. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. बाजारपेठेच्या टोकाला एक जुना वाडा आहे. दगडी जोतं, वर भाजक्या विटा, मोठा दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाच्या भोवती सागवानी खांबांची ओसरी. एके काळी तिथे कचेरी भरायची. मग काही वर्षं शाळा भरली, पुढे धान्याचं गोदाम झालं आणि शेवटी कुलूप लागलं. पावसाळ्यात कौलं सरकली, तुळया कुजल्या, चौकात पिंपळ उगवला. आम्ही लहान असताना आई सांगायची, तिकडं जाऊ नका, साप आहेत.

एके दिवशी बाजाराला गेलो तर वाड्यापुढे पत्र्याचा फलक उभा. ‘जतन व दुरुस्तीचे काम’ असं लिहिलेलं आणि खाली रक्कम. रक्कम कोटीच्या वर होती. आमच्यातल्या एका ताईने बोट ठेवून शून्यं मोजली, तरी खात्री पटेना म्हणून दुसरीने पुन्हा मोजली.

त्या आठवड्याच्या बैठकीत बचतीची वसुली बाजूलाच राहिली आणि वाद सुरू झाला. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या वस्तीवरच्या दवाखान्याचं छप्पर गळतं, बाजारात बाईमाणसाला मुतारी नाही आणि ह्यांना पडका वाडा सुचतो.” दुसरी म्हणाली, “पैसा सरकारचा आहे, आपल्याला काय करायचंय?” तिसरी म्हणाली, “सरकारचा म्हणजे कुणाचा? मी काडेपेटी घेते त्यात पण कर आहे.” आणि आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्क आजी एवढंच म्हणाल्या, “वाडा पडला तर परत कुणाला बांधता येणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

तेव्हा आम्ही एक हिशेब मांडला. तो तुम्हीही आपल्या वहीत मांडून बघा. आमच्या गटात दहाजणी. प्रत्येकीची बचत महिन्याला १०० रुपये, म्हणजे गटाचे महिन्याला १,०००, वर्षाला १२,०००. एक कोटी रुपये जमवायला आम्हाला ८३३ वर्षं लागतील. म्हणजे ज्ञानेश्वर माउली जन्मायच्या आधीपासून दर महिन्याला न चुकता बचत केली असती, तर कुठे आज एक कोटी झाले असते. हा हिशेब झाल्यावर बैठक गप्प झाली. एवढा पैसा आपल्या दारापुढे खर्च होणार आणि आपण नुसतं येता-जाता बघणार, हे कुणालाच बरं वाटेना.

आता जुन्या वास्तूवर पैसा खर्चच करू नये, असं आमचं म्हणणं आहे का? नाही. इथे थोडं अहिल्यादेवींबद्दल बोललं पाहिजे, कारण त्यांचं नाव आपण सगळ्याजणी घेतो.

२०२५ साली अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्यांचा जन्म १७२५ सालचा, गाव चौंडी. त्या निमित्ताने राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक मे महिन्यात चौंडीलाच झाली. चौंडीच्या विकासासाठी आणि तिथल्या जतनासाठी सुमारे ६८१ कोटींचा आराखडा त्या वेळी मंजूर झाला. अहिल्यादेवींच्या काळातल्या विहिरी, घाट, कुंड, तलाव दुरुस्त करायलाही वेगळे ७५ कोटी ठरले. एवढी मोठी रक्कम आपल्या करातली आहे, म्हणून हे आपल्याला माहीत असायला हवं.

अहिल्यादेवींनी स्वतः काय केलं? काशीविश्वनाथाचं मंदिर, सोमनाथाचं मंदिर, वेरूळचं घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, बारव, धर्मशाळा. ह्यातलं बरंचसं काम मोडलेलं पुन्हा उभं करण्याचं होतं. आमच्यातल्या काहीजणी चांदवडला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलेल्या आहेत. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या गावात होळकरांचा रंगमहाल आहे. कोरीव लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं. ते बघितल्यावर कळतं की आपल्या आडगावांमध्येही केवढे कारागीर होऊन गेले.

पण आम्हाला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटला तो त्यांचा हिशेब. होळकरांकडे दोन वेगळे खजिने होते. एक ‘दौलत’, म्हणजे राज्याचा, फौजेचा पैसा. दुसरी ‘खासगी’, म्हणजे घरातल्या स्त्रीच्या हातातलं उत्पन्न. ही खासगीची जहागीर १७३४ साली अहिल्यादेवींच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावे मिळाली होती आणि पुढे ती अहिल्यादेवींकडे आली. देवळं, घाट, अन्नछत्रं हा धर्मादाय त्यांनी खासगीतून केला आणि दोन्ही हिशेब वेगळे ठेवले. आपल्या गटाची वही आणि घराची वही आपण एक करत नाही, तसंच हे. म्हणून त्यांच्या नावाने खर्च होत असेल तर हिशेब विचारणं हा त्यांचा अपमान नाही. त्यांना तेच पटलं असतं, असं आम्हाला वाटतं.

आणखी एक नाव सांगतो. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. ती वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. विहिरीच्या पोटात छोटा महालच आहे. तिच्यावर बारा मोटा चालतील अशी सोय. आमराईला पाणी देण्यासाठी ती बांधली. बाईमाणसाने तीनशे वर्षांपूर्वी उभं केलेलं काम आजही बघायला माणसं येतात. तेव्हा जुन्या दगडांशी आपलं काही नातं नाही, असं म्हणता येत नाही.

आता पुन्हा आमच्या वाड्याकडे येऊ.

काम सुरू झालं. आमच्या गटातल्या दोघीजणी तिथे मजुरीला लागल्या. घमेली वाहायची, पाणी मारायचं. शेतातलं काम संपलं होतं, त्यामुळे ही मजुरी त्यांना मोलाची होती. त्यातली एक ताई बैठकीत सहज बोलून गेली, “रोज सिमेंटच्या गोण्या उतरतात, वाहून मान मोडली.”

हे ऐकून आमच्या आजी ताठ बसल्या. म्हणाल्या, “वाड्याला सिमेंट?” आजींचं माहेर चुना मळणाऱ्यांचं. लहानपणी त्यांनी चुन्याच्या घाणीवर बैल हाकले आहेत. गोल चर खणून त्यात दगडी चाक फिरवायचं, चर चुना, वाळू आणि विटांच्या भुकटीने भरायची, वरून पाणी घालत राहायचं. त्याआधी भट्टीतला कळीचा चुना कित्येक दिवस पाण्यात विरवत ठेवायचा. मसाल्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, कुठे बेलफळाचं पाणी घालायचे. आजी म्हणाल्या, “चुना घाई खपवून घेत नाही. सिमेंट एका रात्रीत धरतं, चुना सावकाश पक्का होतो. पण धरला की पिढ्यान् पिढ्या बसतो.”

आम्ही विचारलं, सिमेंटने बिघडतं काय? आज्जींनी समजावलं ते आम्हाला पुढे एका जाणत्या अभियंत्यानेही तसंच सांगितलं. जुन्या भिंतींत जमिनीतली ओल वर चढते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर सोडतो, भिंत वाळत राहते. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो, तो ओल आत कोंडतो. मग आतली वीट भुसभुशीत होते, लोणा फुटतो, सिमेंटचा पापुद्रा विटांना घेऊनच खाली येतो. लाकडाच्या खांबांच्या बुडाशी सिमेंट भरलं तर लाकूड कुजतं. म्हणजे वर वर चकचकीत दिसेल आणि आतून वाडा मरेल. आपल्यापैकी ज्यांनी मातीच्या भिंतीला सिमेंट लावून बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग काय करायचं? काहीजणी म्हणाल्या, मोर्चा नेऊ. आम्ही म्हटलं, आधी कागद बघू. कदाचित अंदाजपत्रकातच सिमेंट असेल, मग ओरडून उपयोग नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, पण आमच्या गटातल्या एकीनेही तो कधी वापरला नव्हता. अर्ज साधा असतो. एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर ती फीही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर अपील करता येतं. आम्ही मागितलं तीनच गोष्टींबद्दल: कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती. पानाला दोन रुपये भरले.

कागद हातात आले तेव्हा भाषा कळेना. दोन संध्याकाळी लागल्या. आमच्यात एकीचा मुलगा डिप्लोमाला आहे, त्याला बसवलं. त्यात गिलाव्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, चुन्याच्या मसाल्यातील गिलावा. दरही चुन्याचा, म्हणजे सिमेंटपेक्षा जास्त. कागदावर चुना आणि भिंतीवर सिमेंट. कुणी मुद्दाम केलं, की मिस्त्रीला चुन्याचं काम येत नव्हतं, की घाई होती, हे ठरवणं आमचं काम नाही आणि आम्ही कुणावर बोट ठेवत नाही. पण फरक होता आणि तो कागदावर दिसत होता.

इथे आम्हाला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे. पुढे जायचं की नाही यावर गटात मोठं भांडण झालं. काम थांबलं तर आमच्याच दोघींची मजुरी बुडणार होती. ज्या ताईने गोण्यांचं सांगितलं ती रडत म्हणाली, “मी सहज बोलले आणि माझ्याच पोटावर आलं. माझ्या पोरीची कॉलेजची फी भरायची आहे.” तिच्यापुढे आम्हाला मान वर करता येईना. वाडा वाचवायचा म्हणून आपल्याच बाईला उपाशी ठेवायचं का?

तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं ते असं. तक्रार अर्जावर त्या दोघींची सही घ्यायची नाही, त्यांचं नाव कुठेच येऊ द्यायचं नाही. काम थांबलंच तर गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यांना आधी कर्ज द्यायचं. व्याज माफ करायची सूचना आली, तर तीच ताई म्हणाली, “माफी नको. उद्या दुसरी मागेल. नियम सगळ्यांना एक.” मग व्याज ठेवलं, हप्ता मात्र दोन महिने पुढे ढकलला.

अर्ज दिला. अर्जासोबत अंदाजपत्रकातलं ते पान जोडलं. माहितीच्या अधिकारात कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे आम्हाला तोवर कळलं होतं. आम्ही दोन्ही मागितलं. पाहणीच्या दिवशी आम्ही नऊजणी गेलो, आजींना खुर्चीवर बसवून रिक्षातून नेलं. आजींनी नखाने गिलावा खरवडला, चिमूट तोंडात टाकली आणि थुंकली. साहेब हसले. आजी म्हणाल्या, “हसा. पण हा चुना नव्हे.” नमुना तपासायला गेला.

काम साधारण दोन महिने थांबलं. ते दोन महिने सोपे नव्हते. बाजारात लोक म्हणायचे, बायांनी विकास अडवला. एकीच्या नवऱ्याने घरात विचारलं, तुला काय पडलंय? आमच्या दोघी मजूर ताया दुसऱ्याच्या मळ्यात कमी रोजाने गेल्या. हे आम्ही विसरलेलो नाही.

पुढे काय झालं? मागच्या बाजूचा आणि चौकातला सिमेंटचा गिलावा काढला. चुन्याचं काम येणारे कारागीर बाहेरून आणले. आजी दोनदा जाऊन बसल्या, त्यांच्याकडून गावातल्या दोन पोरांनी घाणी कशी फिरवायची ते शिकून घेतलं. आमच्या दोघी ताया पुन्हा कामाला लागल्या आणि या वेळी चुना चाळायचं, घोटायचं काम शिकल्या. पण समोरच्या दर्शनी भिंतीचं सिमेंट तसंच राहिलं. काढायला गेलं तर विटा सुटतील, असं सांगितलं गेलं. तिथे आता पावसाळ्यात खालून ओलीचा डाग दिसतो. म्हणजे आम्ही पूर्ण जिंकलो असं नाही. महिनाभर आधी विचारलं असतं तर ती भिंतही वाचली असती.

आता उरला वापराचा प्रश्न, आणि आमच्या मते हाच सगळ्यात मोठा आहे. वाडा दुरुस्त होतो, फीत कापली जाते, फोटो निघतात आणि परत कुलूप लागतं. बंद वास्तू लवकर पडते. रोज झाडलोट होणाऱ्या घराला वाळवी लवकर लागत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मध्य प्रदेशातलं महेश्वर अहिल्यादेवींच्या राजधानीचं गाव. तिथे १९७९ साली रेहवा सोसायटी सुरू झाली आणि महेश्वरी साड्या विणायला बायकांना माग मिळाले. जुन्या किल्ल्याच्या आसऱ्याने आजही तिथे हातमाग चालतात. तिथे जुन्या गावाचं नाव आणि बाईच्या हातचं काम एकमेकांना धरून राहिलं.

तेव्हा आम्हीही नगरपंचायतीला लेखी मागितलं. वाड्याची एक ओसरी आठवडी बाजाराच्या दिवशी बचत गटांच्या विक्रीला द्या. एक खोली वाचनालयाला द्या. आणि सगळ्यात आधी, बायकांसाठी पाण्यासकट स्वच्छतागृह बांधा, वाड्याला धक्का न लावता, बाजूच्या मोकळ्या जागेत. पहिली मागणी तोंडी मान्य झाली आहे. स्वच्छतागृहाचा कागद अजून फिरतोय. त्या मावशी दर सोमवारी जाऊन विचारतात. वाड्यावर खर्च नको म्हणणाऱ्या त्याच ह्या मावशी.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात बारव असेल, वेस असेल, गढी असेल, जुनी चावडी असेल. आपल्या राज्यात साडेतीनशेहून जास्त स्मारकं राज्य सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. केंद्राची वेगळी. पण त्यापेक्षा कितीतरी जास्त वास्तू कुणाच्याच यादीत नाहीत. संरक्षित स्मारकाला तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही. तेव्हा कामाचा फलक दिसला की एवढं विचारा. लिहून घ्या.

पहिलं, ही वास्तू कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या यादीत आहे?

दुसरं, पैसा कुठल्या योजनेतून आला आणि रक्कम किती?

तिसरं, अंदाजपत्रकात साहित्य कोणतं लिहिलंय, आणि जागेवर कोणतं येतंय?

चौथं, काम झाल्यावर बिघडलं तर किती वर्षं ठेकेदाराची जबाबदारी? त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. तो शब्द पाठ करा.

पाचवं, नंतर वास्तू कोण वापरणार, कोण झाडणार, आणि त्या देखभालीचा पैसा दर वर्षी कुठून येणार?

गाव ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे हे प्रश्न मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. काम सुरू व्हायच्या आधी विचारा. आम्ही उशीर केला, तुम्ही करू नका. आणि आपल्यातल्या मजुरी करणाऱ्या बाईला पुढे करून लढू नका, तिच्या पाठीशी आधी काहीतरी उभं करा.

आमच्या आजी हल्ली बाजाराच्या दिवशी वाड्याच्या ओसरीवर येऊन बसतात. मागच्या भिंतीवरून हात फिरवतात. समोरच्या भिंतीकडे बघत नाहीत.

पुढच्या वेळी आपण उन्हाळ्यातल्या वाळवणाचा माल शहरात कसा पाठवायचा, त्यावर बोलू. तोवर तुमच्या गावातल्या जुन्या वास्तूबद्दल तुमच्या गटात काय चर्चा झाली ते आम्हाला नक्की कळवा. नमस्कार.